आजाऱ्याच्या चादरीची घडी

ता. ६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन जवळ ठेवायची इथे मुभा नाही, म्हणून तुला कागद-पेन हातात घ्यायला लागतंय. तुझं अक्षर पाहून शाळेतल्या तुझ्या बाईंची दया आली. पिल्लूला म्हणावं, आत्याचं अक्षर गिरवू नकोस.

कोर्टानं तुरुंगाऐवजी या उपचाराच्या घरात पाठवलं तेव्हा वाटलं होतं, थोडक्यात निभावलं. पण तुरुंगाला निदान भिंत असते. हे घर भरवस्तीत आहे. खाली आमची लॉन्ड्री, वर आम्हा बायकांच्या खोल्या. समोरच्या गॅलरीतली म्हातारी आम्ही बाहेर पडलो की वाळत घातलेले कपडे आत घेते. सकाळी गोळी सगळ्यांदेखत गिळायची आणि तोंड उघडून जीभ उचलून दाखवायची. मी वॉर्डात पेशंटना असंच तोंड उघडायला लावत होते, तेव्हा त्यांना काय वाटत असेल हे कधी मनात आलं नाही. लघवीच्या तपासणीला दार लोटून घेता येत नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुपारी समुपदेशक बाई आम्हाला गोल बसवतात आणि जिनं तिनं आपण काय केलं ते सांगायचं. मी सांगायला लागले की आजारी माणसं उचलून उचलून माझी कंबर गेली होती, तर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, कंबरेपासून नको, पेशंटपासून सांगा. मग सांगितलं, की दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसांच्या नावावर वेदना मारणारी इंजेक्शनं काढली आणि स्वतःला टोचून घेतली. सांगून झालं तरी मान वर करवेना.

आता मुद्द्याचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरच्या माणसांची बैठक असते. कोर्टाची पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे. त्याआधी घरच्या कुणीतरी बैठकीला येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की ही आमची आहे आणि आम्ही हिला घरी ठेवून घेऊ. मग घरी राहून रोज उपचाराला इथे यायचं. कुणीच आलं नाही तर मात्र तुरुंग. तुझा दादा येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू येशील का?

पिल्लूला पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

ता. १५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

शि. सा. न.

अक्षराची थट्टा करून झाली असेल तर ऐक. येईन का म्हणून काय विचारतेस? येणार म्हणजे येणारच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची लेक मी, पण तिचं सगळं तू केलंस. एवढं तर मी तुझं देणं लागते.

पिल्लू मजेत आहे. उंचीनं माझ्या खांद्याला लागली आणि तोंडानं माझ्या डोक्यावर बसली आहे. दादा रविवारी येतो, तिला बागेत नेतो, तुझा विषय निघाला की चपला शोधायला लागतो.

एक गोष्ट तुला सांगितलेली बरी. शेजारी आणि कामावर हॉटेलात मी सांगून ठेवलंय, की तुला परदेशात नर्सची नोकरी लागली. पिल्लूलाही तसंच सांगायला शिकवलंय. तुझ्याच भल्यासाठी, पोरीला कुणी टोचून बोलू नये म्हणून. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आणि हो, हॉटेलात मला बढती मिळाली! चादरी, उशा, टॉवेल यांची सगळी लिनन रूम आता माझ्या ताब्यात. मॅनेजर मला बाई म्हणतो. तू मात्र चिमणीच म्हण.

राग असेल तर असू दे, पण लोभातून वजा करू नकोस.

तुझी,
चिमणी

ता. २ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

रविवारी वाट पाहिली. काही अडचण आली असेल. इथली रीत अशी आहे, की प्रत्येकीच्या शेजारी एक खुर्ची मांडतात आणि कुणी आलं नाही तरी ती उचलत नाहीत. बैठक संपेपर्यंत आपण रिकाम्या खुर्चीशेजारी बसायचं. माझ्या पलीकडच्या बाईला आम्ही कंडक्टर म्हणतो, कारण ती सगळ्यांना रांगेत उभं करते. तिची सासू आली होती. सासूनं तिला पोटभर शिव्या दिल्या आणि शेवटी म्हणाली, की माझीच आहे, नेईन घरी. मला त्या शिव्यांचा हेवा वाटला.

परदेशातल्या नोकरीचं वाचून आधी हसू आलं. मग पिल्लूला ते पाठ करायला लागतंय हे आठवलं आणि हसू गेलं.

लॉन्ड्रीला नवीन काम मिळालंय. कुठल्याशा हॉटेलच्या चादरी, पांढऱ्याशुभ्र, हिरव्या काठाच्या. इस्त्री माझ्याकडे आहे. पण हात वॉर्डातलेच. चौकोनी घडी घालायची सोडून मी चादर उभी, अर्ध्यापर्यंत गुंडाळून ठेवते, तुझ्या आईसाठी ठेवत होते तशी. आजाऱ्याला न उठवता एका कुशीवर वळवून चादर अंगाखाली सरकवायची तीच घडी. कंडक्टर म्हणते, हॉटेलात काय लोक अंथरुणाला खिळायला येतात? सगळ्या हसतात, मीही हसते, आणि पुढची चादर पुन्हा तशीच होते.

या महिन्याच्या बैठकीला येशील ना? तारखेआधीची तीच शेवटची.

आहे तेवढी माया सांभाळून ठेव.

तुझी,
वहिनी

ता. ९ मार्च

ती. वहिनीस,

शि. सा. न.

गडबडीत आहे, म्हणून चार ओळी. त्या रविवारी अचानक ड्यूटी लागली. मुद्दाम टाळलं असं मनात आणू नकोस.

त्या हॉटेलचा माल पोचवायला कोण जातं? तू जातेस का? कंबर धड नसताना गाडी ढकलू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. आणि चादरींच्या घड्या चारचौघींसारख्या घालत जा. उगाच कुणाच्या नजरेत कशाला यायचं.

पिल्लू बरी आहे. घाईतल्या पत्राला घाईतला लोभ समजू नकोस.

तुझी,
चिमणी

ता. १९ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ.

माझ्या कंबरेची काळजी केलीस, बरं वाटलं. आता ती काळजी उरली नाही, कारण त्या हॉटेलचं काम गेलं.

माल पोचवायला कंडक्टर गेली होती. तिच्या देखतच तिथल्या लिनन रूमच्या बाई मॅनेजरला म्हणाल्या, की असल्या बायकांच्या हातच्या चादरी पाहुण्यांच्या अंगाखाली नकोत. चादरी धुतलेल्या असूनही गाडीत परत भरून दिल्या. कंडक्टर कुणाला ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी जिना चढून वर आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. सासूच्या शिव्या चालतात गं तिला, हे नाही चालत. काम कमी झालं, तेव्हा इस्त्री तिला दिली आणि मी फरशा पुसायला लागले. इथे काम केलेलं कोर्टाला दाखवावं लागतं, आणि तिला लवकर घरी जायचंय.

ती बाई मान एका बाजूला कलती करून बोलत होती, असं कंडक्टर सांगत होती. मान कलती करून बोलणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. त्यांचा मला राग नाही. त्यांनाही घर असेल, सांभाळायला एखादी पोर असेल, नव्यानं मिळालेली बढती असेल. मी माणसांच्या दुखण्यावरचं औषध चोरलं, मी कुणाला काय बोलणार?

तू बैठकीला येऊ नकोस. मी मनापासून सांगते. पिल्लूला तुझ्यापाशी ठेव, एवढंच मागते. ती विचारेल तेव्हा परदेशातली नोकरी लांबली म्हण.

इथून पुढे तुझ्या मायेवर पिल्लूचा हक्क आधी.

तुझी,
वहिनी

ता. २४ मार्च

ती. वहिनीस,

शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. तू मला नावानं दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. जगात मान कलती करणाऱ्या पुष्कळ असतील, पण तुझी घडी ओळखणारी मी एकटीच.

पहिला गठ्ठा सोडला तेव्हाच ओळखली. आईच्या अंगाखालची चादर मी तुझ्याकडूनच बदलायला शिकले होते. लॉन्ड्री कुणाची ते मॅनेजरला कळलं, त्यानं सहज विचारलं की चालेल ना, आणि मला दिसलं ते एवढंच, की उद्या तू गाडी घेऊन दारात येशील आणि सगळ्यांसमोर चिमणे म्हणून हाक मारशील. म्हणून कुणी काही बोलायच्या आत मीच बोलले. माल घेऊन आलेल्या त्या बाईच्या तोंडाकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

परवा हॉटेलातली मैत्रीण घरी आली. चहा पिता पिता तिनं तो किस्सा रंगवून सांगितला, मी कशी ठामपणे बोलले म्हणून. पिल्लू तिथेच अभ्यास करत होती. मैत्रीण गेल्यावर तिनं मला विचारलं, की आत्या, असल्या बायका म्हणजे आईसारख्या ना? मी चहाचे कप उचलून मोरीत नेले. ती आत गेली आणि माझ्या अंथरुणातल्या चादरीची घडी घालून आली. पाहिलं तर चादर उभी, अर्धी गुंडाळलेली. म्हणाली, आईनं अशीच शिकवलीय, माझ्या हातून दुसरी होतच नाही. मग तिनं विचारलं, आता मलाही घराबाहेर काढणार का. वहिनी, एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

काल मॅनेजरला सांगितलं, की ती घडी माझ्या वहिनीची आहे, ती परदेशात नाही, आणि मी बोलले ते चुकलं. तो लॉन्ड्रीचं काम परत देणार नाही म्हणाला, आणि लिनन रूमची किल्ली माझ्याकडून घेतली. आता मी जिने आणि व्हरांडे बघते. म्हणजे फरशा आपण दोघीही पुसतोय. तुझ्या कंडक्टरबाईंची मला समोर माफी मागायची आहे. त्यांनी सासूकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या मला दिल्या तरी चालतील.

दादाला सगळं सांगितलं. या वेळी त्यानं चपला शोधल्या नाहीत. फाटकापर्यंत येतो म्हणाला. आत येईल की नाही, मला सांगवत नाही.

मी मात्र येते आहे. माझी लाज गेली म्हणून नाही, ती घेऊनच येते. आणि पिल्लू ऐकत नाही. तिला सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचंय, की ही माझी आई आहे. तेव्हा रविवारी तुझ्या शेजारी एक खुर्ची मांडतील, ती पुरणार नाही. दोन मांडायला सांग.

माझ्यावर लोभ करावास असं मी काही केलेलं नाही, तरी मागते.

तुझी,
चिमणी