जाहीर कुणी करायचं

३ मार्च, सोमवार

पुन्हा गॅस! सकाळी ड्यूटीवर निघताना स्वयंपाकघरात डोकावले तर शेगडी भणाणतेय, दुधाचं पातेलं काळं ठिक्कर, आणि बाबा शेजारी उभे राहून खिडकीबाहेर बघतायत. मी ओरडले. मग ओरडल्याचं वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला!

बाबा शांतपणे म्हणाले, "आणीबाणीचा वर्ग कोणता लावशील?"

"पहिला," मी म्हटलं. "असाधारण घटना. धोका टळला, तरी कळवायची."

"मग कळव की दादाला." आणि हसले. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दादाला अर्थातच कळवलं नाही.

५ मार्च, बुधवार

बाबांनी अख्खी नोकरी अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात काढली. आता त्याच कक्षात मी आहे, कामही तेच. काही बिघडलं की पाळीप्रमुख आणीबाणीचा वर्ग ठरवून जाहीर करतात, आणि मी पंधरा मिनिटांच्या आत फोनवरून बाहेर कळवायचं. आधी जिल्हा कक्ष, मग मुख्यालय. वर्ग एकूण चार. पहिला म्हणजे काहीतरी बिनसलंय पण लोकांना त्रास नाही. दुसरा सावधानता. तिसरा आवारापुरती आणीबाणी. चौथ्यात गावंच्या गावं हलवावी लागतात. आई असेपर्यंत त्याचं नाव जेवताना काढू द्यायची नाही.

आता आई नाही, त्यामुळे बाबा जेवतानाच परीक्षा घेतात. "बाहेरून येणारी वीज गेली. दोनपैकी एक जनरेटर चालू होईना. बोल!"

"दुसरा."

"शंका असली तर?"

"वरचा."

"शाब्बास!"

दुपारी जेवले की नाही ते त्यांना आठवत नाही. कधीकधी मलाच आईच्या नावाने हाक मारतात. पण वर्ग? एकही चुकत नाहीत. मला तेवढ्याने केवढा धीर येतो!

८ मार्च, शनिवार

दादाचा फोन. तेच तुणतुणं. "बाबांना माझ्याकडे पाठव. मी दिवसभर घरात असतो. तुझ्या पाळ्या सांभाळून तू किती करणार?"

मी म्हटलं, शेजारच्या शिंपीणकाकू येऊन बसतात. त्यांचं मशीन चालू असतं, बाबा त्यांना बटणं निवडून देतात. मजेत असतात दोघं.

"काकू संध्याकाळी घरी जातात. पुढे?"

पुढे मी आहे! मी काय मेले आहे का? फोन ठेवून दिला. बाबांना विचारलं, दादाकडे जायचंय? "मी कशाला जाऊ? तू आहेस ना इथे," म्हणाले. झालं तर मग. विषय संपला.

खरं सांगायचं तर मलाच नाही जमणार. कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, ही कल्पनाच सहन होत नाही.

१० मार्च, सोमवार

हल्ली बाबा रात्री उठून कडी काढतात. पाळीवर जायचंय म्हणतात. समजूत घालून झोपवलं, माझा डोळा लागला, की परत कडी वाजते. डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं झालंय.

११ मार्च, मंगळवार

आजचं लिहूनच काढते.

सकाळच्या पाळीत आवारातल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. खरोखरची! अणुभट्टीला काही धक्का नव्हता, पण आग लवकर आटोक्यात येईना. आमचे पाळीप्रमुख गंभीरराव (नाव आम्हीच ठेवलेलं — स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसले नसतील) म्हणाले, "असाधारण घटना जाहीर. कळवा."

मी फोन उचलला. जिल्हा कक्षातल्या बाईंनी घेतला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "हा सराव आहे, हा सराव आहे. ट्रान्सफॉर्मरला आग —"

सरावाच्या निरोपाला 'हा सराव आहे' हेच तोंड आणि हेच शेपूट लावायचं असतं, उगाच कुणी घाबरू नये म्हणून. मी जन्मात दुसरा निरोप दिलेलाच नाही! सरावच सराव. जिभेला तेवढंच ठाऊक. बाई निवांतपणे म्हणाल्या, "हं, सराव ना? चहा संपवते आणि नोंदवते हं."

फोन ठेवला. गंभीरराव माझ्याकडे बघतच राहिले. "काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

तेव्हा कुठे लक्षात आलं. परत फोन! "बाई, मघाचं रद्द करा! सराव नाही, खरं आहे!"

"अगं बाई!" आणि कप आदळल्याचा आवाज.

वेळेत कळलं. आग विझली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी आपली बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी नको नको म्हणतेय, तरी सोडल्याच. मी शाळेतून यायचे तेव्हा सोडायचे तशा.

१२ मार्च, बुधवार

गंभीररावांनी समोर बसवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आदल्या रात्री झोप झाली होती?"

"हो सर, व्यवस्थित."

"घरी सगळं ठीक?"

"एकदम."

थाप! चक्क थाप. पण काय करणार? ते दादाचे शाळेतले मित्र. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दादाला कळलं असतं आणि उद्या तो गाडी घेऊन दारात उभा. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार." त्या एका वाक्याने जेवण गेलं नाही मला.

१४ मार्च, शुक्रवार

जेवताना बाबांनी अचानक विचारलं, "चौकशीत काय सांगितलंस?"

"झोप झाली होती म्हणून सांगितलं."

चमचा खाली ठेवला. "झाली होती?"

"बाबा, जेवा ना."

"झाली होती का गं?"

मी त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "घरचं माणूस आहे म्हणून वर्ग खाली आणायचा नसतो."

असा नियम कुठे लिहिलेला नाही. त्यांनीच तिथल्या तिथे केला असणार. मी भडकले. "म्हणजे तुम्ही काय आणीबाणी आहात का?"

"नाही तर काय!" इतक्या ऐटीत म्हणाले की मला हसूच फुटलं. तेही हसायला लागले. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

थोड्या वेळाने मला आईच्या नावाने हाक मारून विचारलं, पोरगी पाळीवरून आली का? "आली," म्हटलं. "जेवली पण."

१६ मार्च, रविवार

काल जेवताना प्रश्न नाही. आजही नाही. मीच डिवचलं तर म्हणाले, "आज सुट्टी." रात्रभर जागरण झालं म्हणून दुपारी ताणून दिली मी. उठले तर बाबा फोनजवळच्या खुर्चीत शहाण्यासारखे बसलेले. काही हवंय का? म्हणाले, "काही नाही. तू घोरतेस!"

१८ मार्च, मंगळवार

गॅलरीत बसवून बाबांचे केस कापले. मागून बघितलं तर मान किती बारीक झालीय! लहान मुलाची असते तशी. कानामागे कात्री लागेल म्हणून हात जपून चालवत होते, आणि एकदम इतकं भरून आलं की कात्री बाजूला ठेवून तशीच त्यांना धरून उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. नुसतं माझ्या मनगटावर थोपटलं.

ठरलं. रविवारी दादाला ठणकावून सांगणार. बाबा इथेच राहतील, माझ्याजवळ, शेवटपर्यंत. रात्रीच्या कडीला कुलूप लावू. झोपेचं काय, होईल सवय. माणसाला कशाचीही होते.

२० मार्च, गुरुवार

दादा आला. न सांगता. मी दारातच सुरू झाले. "तुझ्या त्या मित्राने कान भरले ना? बाबा कुठेही जाणार नाहीत!"

तो चपला काढून आत आला. मग म्हणाला, "मला कुणी काही सांगितलं नाही गं. गेल्या रविवारी बाबांचाच फोन आला. मी म्हटलं, ती भांडेल, नको. तर माझ्यावरच रागावले. म्हणाले, 'ती कधीच जाहीर करणार नाही, म्हणून मी करतोय. मला हलव.' तुझ्या साहेबांनाही त्यांनीच कळवलंय. झोपेचं, सगळं."

आत गेले. बाबा कोट-बूट घालून पलंगावर बसले होते, भरलेली बॅग मांडीवर. मी त्यांच्या पायाशी बसले. डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

"रडतेस कसली? जा, जरा पड. गाडी निघेपर्यंत मी जागा आहे."