पेलिंगबाईंचा कोट

बेक्सहिल, ४ ऑगस्ट १९५६

ती. मेविसताईस थेल्माचा सा. न. वि. वि.

पोचले गं सुखरूप! मोज्यांचे कारखाने उन्हाळी सुट्टीसाठी पंधरा दिवस बंद, त्यामुळे अर्धं लेस्टर इथंच उतरलंय. वाळूचा कण नाही, नुसते गोटे! आपल्या गल्लीतल्या नेटीनं मुलांसाठी बादल्या-फावडी आणलीत; बिचारी मुलं गोटेच भरतायत.

आता खरी बातमी. बसून वाच. गेल्या ऑगस्टपासून पत्रं लिहिणाऱ्या इथल्या सिरिलनं मला लग्नाचं विचारलं! मी ताईला विचारते म्हणाले. बुधवारी चारला त्याच्या आईकडे चहाला जायचंय. त्या पेलिंगबाई समुद्रकाठच्या प्रोमेनाडवर आरामखुर्च्या भाड्यानं देतात आणि त्यांचं ठाम मत आहे, की समुद्रापासून लांबच्या गावच्या मुली ऑगस्टपुरत्याच समुद्रावर जीव टाकतात. मला तो फार आवडतो गं. लवकर लिही.

तुझ्या मायेची नेहमीची हावरी,
थेल्मा

लेस्टर, ६ ऑगस्ट

चि. थेल्मास अनेक आशीर्वाद.

बसूनच वाचलं, तरी चहा सांडला. करडा झगा घाल, हातमोजे घाल, केकचा दुसरा तुकडा मागू नकोस. आणि मासोळीसारखी पोहतेस हे तिथं पहिल्याच भेटीत सांगायची गरज नाही.

होकाराचं मात्र मला सुचत नाही. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्यावाचून या घरात मी करू काय? हे स्वार्थीपणाचं आहे, ठाऊक आहे मला. पण तिथं तुला सर्दी झाली तरी बघणार कोण? मी सांगेपर्यंत शब्द देऊ नकोस.

रागावलेली नाही, घाबरलेली,
मेविस

बेक्सहिल, ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, मी नाक कापून घेतलं! जीव थाऱ्यावर येईना म्हणून चहाआधी एक डुबकी मारायला गेले. कपडे गोट्यांवर नीट घडी करून ठेवले आणि सरळ त्यांच्यासमोरच पाण्यात शिरले. समुद्र माणसाला गुपचूप आडवा नेतो, हे लेस्टरच्या पोहायच्या हौदात पोहून कसं कळणार? वर आले तर कपडे मागे, किनाऱ्यावरून पाण्यात गेलेल्या दोन लाकडी बांधांपलीकडे! बांध डोक्याएवढे उंच आणि शेवाळानं बुळबुळीत, म्हणून वाट एकच, प्रोमेनाडवरून. तिथं बँड वाजतोय, खुर्च्या भरलेल्या, सगळ्या बायका टोप्या घालून, आणि मी पोहायच्या तोकड्या पोशाखात ओलीचिंब, अनवाणी, गोट्यांवर बदकासारखी डुलत वर येतेय. पुढच्याच खुर्चीत कोण? पेलिंगबाई! सिरिलनं आम्हाला एकमेकींचे फोटो दाखवले होते, म्हणून दोघींनीही लगेच ओळखलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई उठल्या. आपला कोट काढून माझ्या अंगावर घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि माझा हात काखेत घेऊन बँडसमोरून संथपणे चालू लागल्या. भेटेल त्याला सांगत होत्या, की ही आमच्या सिरिलची थेल्मा, पोहायला गेली होती. पाद्रीणबाईंचा चेहरा पाहायला हवा होतास! गर्दी संपल्यावर मात्र मला फैलावर घेतलं. कपडे ठेवतात तिथून दोन बांध अलीकडे पाण्यात शिरायचं, म्हणजे पाणीच कपड्यांपाशी आणून सोडतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं म्हणाल्या. मग म्हणाल्या, ऑक्टोबरात खुर्च्या रंगवायच्या असतात, येशील का? मी म्हटलं, यायचं तर फार आहे, पण ताईनं हो म्हटल्याशिवाय नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ताईला विचारतेस हे बरं करतेस.

चहाला केक दोनदा घेतला, त्यांनीच वाढला. आता सगळं तुझ्या हाती आहे गं. मी तुझा शब्द मोडणार नाही.

डोळे टपालाकडे लावून बसलेली,
थेल्मा

लेस्टर, ११ ऑगस्ट

चि. थेल्मास अनेक आशीर्वाद.

इतकी हसले, की शेजारच्यांनी भिंत ठोकली. मग रडले. आणि खरं सांगते, त्या बाईंचा हेवाही वाटला. चौदा वर्षं तुझ्यामागे कोट घेऊन मी धावले, आणि नेमकी वेळ आली तेव्हा तो तुला दुसऱ्याच कुणी घातला.

मग पुन्हा वाचलं. गळ्यापर्यंत बटणं लावली, असं लिहिलंयस. मीही तशीच लावायचे.

माझा होकार कळव. पेलिंगबाईंना माझा नमस्कार सांग आणि कोट धुऊन परत दे, नाहीतर समुद्राचं मीठ राहील. आणि ऑक्टोबरात जाशील तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझीच,
मेविस