वाम शिवताना

आई, काल मी वाम शिवली. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. सकाळी चहा घेता घेता बाबांनी विषय काढला, पालीच्या धरणावर जाऊन किती वर्षं झाली म्हणून, आणि मी लगेच चला म्हटलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तरी सुईत दोरा जात नाही म्हणतात. जाईल कसा, आधी तरी कुठे जायचा? पाण्याच्या जळालेल्या मोटारींत केसाएवढी बारीक तार भरणारा हा माणूस सुई दिसली की एकदम अडाणी व्हायचा, आणि तू त्यांच्या हातातून ती ओढून घ्यायचीस. तुला ओढून घेता यावी म्हणूनच ते तसं करत असावेत, असं आता वाटतं.

आपल्या मागच्या अंगणातला धुण्याचा दगड आठवतो. दुकानाला सुट्टी असली की बाबा बाजारातून मेलेली वाम आणायचे, सापासारखा मासा, हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, तपकिरी. खायला नाही, धरणातल्या मरळ माशाला आमिष म्हणून. आधी ते गळाला जिवंत बेडूक लावायचे, ते तू बंद केलंस. ‘जित्या जिवाला टोचायचं न्हाई माझ्या घरात. मेलेलं काय लावायचं ते लावा.’ पण मेलेली वाम मऊ पडते. दोरी डोक्यावर गरगर फिरवून फेकली की वाम एकीकडे जायची आणि रिकामा गळ दुसरीकडे, आणि बाबा तोंड पाडून घरी यायचे. एकदा तू ब्लाउजला हुक लावत बसली होतीस, तशीच सुई घेऊन उठलीस. ‘आना इकडं. फाटतंय तिथं टाका घालावा, एवढं कळंना व्हय तुमाला?’ बुळबुळीत अंग निसटू नये म्हणून हाताला चुलीतली राख लावलीस, पाठीवरचे काटे कात्रीने उतरवलेस, गळ तिच्या तोंडातून आत घातलास, आणि गोधडीच्या जाड दोऱ्याने खालच्या जबड्यातून वर, वरून खाली असे टाके घालत तोंड मिटवून गळाच्या नेढ्याशी आवळलंस. गाठ मारलीस आणि सवयीप्रमाणे दोरा दातांनी तोडलास. मग तुझ्या लक्षात आलं. तू थुंकत न्हाणीकडे पळतेयस, बाबा दगडावर बसून पोट धरून हसताहेत, आणि चुळा भरता भरता ‘हसा, लई हसा’ म्हणत तूही हसतेयस. त्यानंतरही दर खेपेला तू दोरा दातांनीच तोडायला जायचीस आणि आम्ही दोघं ओरडायचो.

तुझ्या शिलाई मशीनला मात्र तू मला कधी शिवू दिलं नाहीस. आपल्या भाषेत हात लावायला आणि टाका घालायला एकच शब्द आहे, आणि तुझ्या तोंडून माझ्या वाट्याला तो नेहमी नकारातच आला. शिवू नको. गल्लीतल्या पोरी तुझ्याकडे शिकायला यायच्या, तू त्यांची बोटं धरून कापड सरकवायला शिकवायचीस, आणि मी उंबऱ्यात पुस्तक उघडून बसलेली असायचे. ‘मला कावून न्हाई?’ असं विचारलं की ‘तू तुजा अभ्यास कर,’ एवढंच. एकदा तू बाजारात गेलेली पाहून मी एका झग्याची बाही जोडून ठेवली. तू आलीस, बाही खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट पाहिलीस, आणि एक शब्द न बोलता सगळी उसवलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. माझा हातच वाईट, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि तेच धरून इतकी वर्षं काढली. अजून साडीचा फॉल बाहेर देते, बटण तुटलं तर शेजारणीकडे जाते. फक्त वाम तेवढी तू मला दिलीस. ‘ह्ये काय शिवणकाम न्हाई,’ म्हणालीस, राखेचा हात माझ्या हातावर ठेवलास आणि सुई कुठून काढायची ते दाखवलंस. माशाच्या वासाची वाट बघणारी पोरगी अख्ख्या बीडमध्ये मी एकटीच असेन.

काल धरणावर वारा होता. भिंतीच्या दगडांवर लाटा आपटत होत्या, बोलणं ऐकू येत नव्हतं. तिथेच बसून हाताला राख लावून मी वाम शिवली. बाबांचा खांदा आता वर जात नाही, म्हणून दोरीही मीच फिरवली. वाम गळासकट लांब जाऊन पडली. बऱ्याच वेळाने कशाने तरी हिसका दिला आणि सोडून दिलं. ओढून घेतली तर शेपटीकडचा भाग गेलेला आणि तोंडाचे टाके जसेच्या तसे. बाबांनी ती डोळ्यांजवळ धरली.

‘तिचाच हात,’ ते म्हणाले.

‘बाबा, मी शिवलीय ती.’

‘ठावं हाय. म्हणून तर म्हणतोय.’ मग पाण्याकडे बघत म्हणाले, ‘ती बाही उसवली का न्हाई, त्या दिवशी लई रडली तुजी आई. म्हणली, पोरीचा हात माज्यापेक्षा साफ हाय. एकदा बायांनी बघितलं की हिच्या मांडीवर कापडं टाकतील, अन् ही बी इथंच बसंल, माज्यासारखी मान मोडूस्तोवर.’

‘मग मला कावून न्हाई सांगितलं?’

‘सांगितलं असतं, तर उठली असतीस व्हय मशीनवरनं?’

मी राख लावलेल्या हातांनी तिथेच रडले, आणि बाबा गुंता नसलेल्या दोरीचा गुंता सोडवत बसले. तुझा खूप राग आला, आई. तुला मिठी मारावीशी वाटली आणि तुझा रागही आला, दोन्ही एकदमच. इतकी मोठी गोष्ट तू त्यांना सांगितलीस, आणि मला नाही.

हे लिहिलेलं कुठे पाठवणार? बाबांनाही दाखवणार नाही, त्यांना वाटेल सांगून चूक केली. तुझा बेत फसला नाही. मी शिकले, कचेरीत खुर्चीवर बसते, माझी मान दुखत नाही. आईने पोरीला कुठल्या कुठे नेलं, असं लोक म्हणतात आणि मी हो म्हणते. तुला एकटीला सांगते, मला कुठे जायचंच नव्हतं. मला तुझ्याशेजारी बसायचं होतं.