मधल्या खोल्या शाबूत राहाव्यात म्हणून

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, काम मोटारींचे सांगाडे आखण्याचे, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पलीकडे ताई भांडी आपटते आहे, पण ते दडपण नव्हे, तो नुसता आवाज आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृताचा अहवालही त्यांनीच वाचून दाखवला. तेव्हा मी त्यांच्या टेबलावरची काच बघत होतो. एका बाजूला फट जास्त होती. अजूनही मला विशेष काही वाटत नाही. वाटले तर पुरवणी जोडीन.

१. घर. हे माझ्या कमाईचे व माझ्या एकट्याच्या नावावरचे आहे. ते सगळेच्या सगळे माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला द्यावे. नवऱ्याचे घर सोडून लेकीसह आली तेव्हा "चार दिवसांसाठी आलेय" म्हणाली होती. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत आणि माझ्यानंतरही संपू नयेत, एवढ्यासाठीच हा कागद. मला बायको-मुले नाहीत, आईवडीलही राहिले नाहीत; मी काही न लिहिता गेलो तर आमचा दादा अर्धा वाटा मागून घर विकायला काढील. हा माझा संशय नव्हे. माझ्याच चहात बिस्किट बुडवून तो म्हणाला आहे, "अरे, तिला एवढ्या खोल्या कशाला? विकून टाकू, आणि तिला कुठेतरी एक खोली बघून देऊ."

"कुठेतरी म्हणजे कुठे?" ताईने विचारले.

"बघू ना गं. मी आहे ना!"

तो आहे, हीच तर अडचण आहे.

ज्यांना माझे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचे नाक मुद्दाम मऊ ठेवतात. धडक बसली की ते चुरगळते, आणि माणसे बसतात तो मधला पिंजरा, सर्वांत कडक पोलादाचा, जागच्या जागी राहतो. चेपलेले नाक बघून लोक म्हणतात, "काय पत्रा वापरतात हल्ली!" त्याच पत्र्याने त्यांना वाचवलेले असते. या कागदातले घराचे कलम म्हणजे तो पिंजरा. बाकीच्या कलमांवर दादाने मनसोक्त आपटावे.

२. बँकेतली शिल्लक. औषधपाणी भागून उरेल ती ताईला.

३. गाडी. जुनी आहे, पण तिच्या दारांमधले खांब मी आखलेले आहेत. ती भाचीला. भाची म्हणते, "मामा, सांगाडा कोण बघतं रे? स्क्रीन केवढा आहे ते सांग." स्क्रीन नाही. काच आहे, तिच्यातून रस्ता दिसतो.

४. विभागप्रमुख साहेब. पूर्वी गाडीचा मागचा भाग सत्तरेक पत्रे दाबून, ठिकठिकाणी वेल्डिंग करून जोडायचो. आता प्रचंड साच्यात वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओततात आणि अख्खा भाग एका तुकड्यात बाहेर पडतो. बॅटरीच्या गाड्यांना हलकेपणा लागतो, हे खरे. वजन कमी, रोबो कमी, माणसे तर फारच कमी. मी विचारले, "साहेब, मागून जोरात धडक बसली, तर एवढा तुकडा दुरुस्त कसा करायचा?"

"करायचाच नाही. गाडी मोडीत काढायची. बाजार तिकडेच चाललाय."

पुढे आमचा विभागही तिकडेच गेला. साहेबांना माझ्या अंत्यविधीचे कळवू नये. बाजार तिकडे चालला असेल तर येतील आपणहून.

५. फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा ताईकडेच राहावा. ती त्याने डब्यांची घट्ट झाकणे उघडते. कारखान्यात त्याचा इतका उपयोग कधी झाला नव्हता.

६. माझ्यावर कुणी भाषण करू नये. रडणे ऐच्छिक.

७. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच साक्षीदार असलेला बरा. शिवाय मी शुद्धीत होतो अशी ज्याने सही केली, त्याला पुढे कोर्टात मला भ्रमिष्ट ठरवायला तोंड उरत नाही. म्हणून पहिला साक्षीदार दादा. आज डॉक्टरांसमोर, बाईंच्या सल्ल्यासकट, त्याला सगळे वाचून दाखवले. ताई नळ बंद करून दारात येऊन उभी राहिली. दादाने कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"आणि मला काय ठेवलंस?"

"सही."

"बस?"

"दुसऱ्या कुणी केली तर तू भांडशील, दादा."

त्याने ताईकडे न बघता पेन मागितले. पुढचे त्याच्यावर आहे. मी माझी सही करतो.

स्थळ: वर सांगितलेले टेबल. दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावरचा.

(सही) लिहून ठेवणार. नाव वाचता येत नसेल तर तो हाताचा दोष, डोक्याचा नव्हे.

साक्षीदार:

१. (सही) थोरला भाऊ. हा पूर्ण शुद्धीत आहे. लहानपणापासून असाच आगाऊ आहे. घर तिचं.

२. (सही) डॉक्टर.