कडी न लावलेलं दार

बोगोटा,
मंगळवार, २० मार्च २००७

प्रिय एली,

तू धडधाकट असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, सकाळी बोटं गारठतात, बाकी देवाची कृपा. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू विमानात बसलेला असशील. बिशपांच्या कचेरीतल्या बाईंना मी तीनदा बजावलंय की जंगलात द्यायचं नाही, हेलिकॉप्टरमध्ये द्यायचं नाही, विमानाचं दार लागल्यावरच द्यायचं. त्या म्हणाल्या, "बाई, गोड लिहा हं. नऊ वर्षांनी सुटतोय माणूस." मी हो म्हटलं.

परवा, गुरुवारी बंडखोर तुला सोडणार म्हणतात. याआधीही दोनदा म्हणाले होते. पहिल्या वेळी मी मोठं पातेलं भरून आहियाकोचं सूप केलं, तीन जातींचे बटाटे, कोंबडी, सगळं. ते शेवटी शेजाऱ्यांनी खाल्लं आणि जाताना प्रत्येकजण माझ्या खांद्यावर थोपटून गेला. या खेपेला बटाटे आणून ठेवलेत, पण सोललेले नाहीत.

विमानात तुला दीड तास आहे. आधी शहराचं सांगते, कारण तू आता इथे पाहुणाच आहेस. रागावू नकोस. इथे राहून मीच रस्ता चुकते, तर तुझी काय कथा.

जुन्या धुरकट बस हमरस्त्यावरून गेल्या. आता लांबच्या लांब लाल बस आहेत, त्यांना स्वतःचा रस्ता आहे आणि काचेची स्थानकं आहेत. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवू नकोस, त्या थांबत नाहीत, लोक मात्र हसतात. ड्रायव्हरशी भांडायची सोयही राहिलेली नाही, तो काचेमागे असतो. फुटपाथवर गाड्या लावत नाहीत, त्यासाठी कमरेएवढे खांब पुरलेत. गाड्या आपटत नाहीत, पण मी दोनदा आपटलेय.

अध्यक्षांच्या महालामागची ती गल्ली आठवते? पोलिसात नवा होतास तेव्हा तूच सांगायचास, चौघं असल्याशिवाय आम्हीसुद्धा आत शिरत नाही. ती सगळी पाडली. आता तिथे हिरवळ आहे आणि पोरं पतंग उडवतात. तिथली माणसं कुठे गेली हे विचारायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

मोबाईल फोन आता सगळीकडे झालेत, पण बोलणं परवडत नाही. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर बायका "मिनिटं" अशी पाटी गळ्यात अडकवून उभ्या असतात. कमरेला साखळ्या, साखळ्यांना फोन. ज्याला बोलायचं तो आपल्यासमोर उभा राहून बोलतो, आपण मिनिटं मोजायची. मीही उभी राहते, शिवणाचा कारखाना बंद पडल्यापासून. दिवसभर लोकांची बोलणी कानावर पडतात. परवा एकजण बायकोला सांगत होता, "अगं पोहोचलोच, बसमध्येच आहे," आणि माझ्यासमोर तळलेला एम्पानादा खात होता. मी म्हटलं, "तुमची बस चटणी वाढते वाटतं." तो म्हणाला, "बाई, तुम्ही मिनिटं मोजा." बरोबर आहे त्याचं. मी कोण लागून गेले?

शहर सुधारलंय, सगळेच म्हणतात. दुपारी बायका पर्स खांद्याला लावून चालतात, आधीसारखी पोटाशी धरून नाही. तुला आवडेल, मला खात्री आहे.

आपली गल्ली मात्र शोधू नकोस. लाल बसचा रस्ता दक्षिणेकडे वाढवला, त्यात आपल्या बाजूची सगळी घरं गेली. २००४ च्या जुलैत आपलं गेलं. आपली मोरी होती तिथून आता बस जाते. एकदा मी मुद्दाम त्या बसमध्ये बसले आणि अंदाजाने मोजत राहिले, हे अंगण, ही चूल, हे दार. तीन सेकंद लागली असतील.

आता तू थबकला असशील. कारण परवाच्या रविवारीही रेडिओवर तू ऐकलंस, "दाराला कडी लावलेली नाही, बाळ. कधीही ये." दर रविवारी पहाटे पाचला, ओलिसांच्या घरच्यांच्या निरोपांमध्ये, आईचा निरोप नेहमी तोच. आधी खोकणार, मग "छाती झाकून ठेव," मग दाराचं. आपल्या वस्तीत रात्री कडी न लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता, पण ती खरंच लावत नसे. चोर एकदा आला तर तिने त्याला विचारलं, "एलीकडून आलास का?" तो बिचारा पळून गेला.

मग दारच राहिलं नाही, तरी निरोप चालू राहिला. हे कसं, ते सांगायला बसलेय आणि हा माझा चौथा कागद आहे. आधीचे तीन फाडले.

एली, आई गेली. आता नाही, २००२ च्या मे महिन्यात गेली. छातीत पाणी झालं होतं, सहा दिवस दवाखान्यात होती. घर पडलेलं तिने पाहिलं नाही, एवढंच बरं झालं.

रेडिओवर वाईट काही सांगायचं नाही, हा नियम तुला ठाऊक नसेल. आम्हा घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. तिथे माणूस खचला तर उठत नाही, आणि तुमचं दुःख त्याच्या राखणदारांच्या कानी घालायचं कशाला. म्हणून कुणाचा बाप मेला, कुणाची बायको दुसऱ्याबरोबर गेली, तरी रेडिओवर सगळे हसतमुख. आईसाठी नऊ रात्रींची जपमाळ चालू होती, खोलीत बायका प्रार्थना म्हणत होत्या आणि फोन वाजला. रेडिओवरची मुलगी आईचं नाव घेऊन म्हणाली, "दोन्या एउदोसियांचा निरोप घ्यायचा राहिलाय, द्या ना त्यांना." तिला कळलेलंच नव्हतं. मी फोन घेऊन चुलीपाशी गेले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि खोकले. मुद्दाम नाही, रडून रडून घसा बसलेला होता. पण तो खोकला तिचाच निघाला. पुढचं आपोआप आलं. छाती झाकून ठेव, बाळ.

बाहेर आले तर शेजारची इस्मेल्दा दारात पांढरीफटक. "कोण बोललं गं आत?" मी म्हटलं, "कोणी नाही." ती क्रूसाची खूण करत म्हणाली, "मला वाटलं उठून बसली." मग हळूच म्हणाली, "त्याला इतक्यात सांगू नकोस." मीही ठरवलं, थोडे दिवस. तुला आधी जरा बळ येऊ दे.

पाच वर्षं झाली त्याला. दर शनिवारी निरोप टेप करायला फोन आला की मी आई व्हायचे, आणि नंतर माझा स्वतःचा निरोप वेगळा द्यायचे, "नोओरा बोलतेय, आई मजेत आहे." आरशापुढे तिच्यासारखा जबडा धरायला शिकले. कधीकधी बोलून झाल्यावर घरभर तिला हाक मारावीशी वाटायची. हे सगळं कदाचित तू माफ करशील. माझी भीती याची नाहीच.

२००४ चा ऑक्टोबर आठव. त्या आठवड्यात बातमी आली की लष्कर जवळ आल्याचं बघून कुठल्याशा तळावर बंडखोरांनी ओलिसांना गोळ्या घातल्या. नावं दिली नव्हती. दोन दिवस मी रेडिओपासून हलले नाही. शनिवारी फोन आला आणि मी आईच्या आवाजात नेहमीपेक्षा जास्त बोलले. म्हणाले, "पळायचा-बिळायचा वेडेपणा करू नकोस हं, बाळ. मी बसलेय ना. मला घाई नाही. तू नुसता बसून राहा."

मला काय माहीत, एली. शपथेवर सांगते, मला काहीच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात तुझ्याबरोबरचा उबाल्दो पळून आल्याचं पेपरात वाचलं. तो आणि आणखी दोघं, सतरा दिवस चालत. फेब्रुवारीत तो पत्ता काढत या नव्या घरी आला. हॅट हातात धरून दारात उभा. म्हणाला, "दोन्या एउदोसियांना भेटायचंय. एलिएसेरने त्यांच्यासाठी पट्टा विणलाय." नायलॉनच्या धाग्याचा तो पट्टा, त्यात आईचं नाव, हिरव्यात. मी त्याला बसवलं, गुळाचं गरम पाणी दिलं, चीज दिलं. तो इकडेतिकडे बघत होता.

"बाहेर गेल्यात का?"

"तुम्ही आधी खा," मी म्हटलं.

तो खाता खाता सांगत राहिला. "आम्ही चौघं निघणार होतो. सगळं ठरलेलं. रविवारी तुमच्या भावाने रेडिओ कानाला लावला आणि ऐकून झाल्यावर म्हणाला, मी येत नाही. मी म्हटलं, अरे गाढवा, पुन्हा अशी संधी येणार नाही. तर म्हणतो कसा, आईने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. आज पहिल्यांदा मागितलं. बसून राहा म्हणाली." मग हसला. "म्हातारीवर रागवायलाच आलो होतो, खरं सांगायचं तर."

मी सांगून टाकलं, ती कधी गेली ते. त्याने कप खाली ठेवला. बोटांवर वर्षं मोजली.

"मग बोललं कोण?"

"मी."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने हॅट घातली आणि जिन्यापाशी जाऊन म्हणाला, "आता थांबवू नका, बाई. तो त्या आवाजावर उभा आहे. आवाज गेला तर तिथेच आडवा होईल." म्हणून मी आणखी दोन वर्षं बोलले.

गेल्या वर्षी जंगलातून तुमची चित्रफीत आली. टीव्हीवर दाखवली. तुझ्या मानेला साखळी होती. ते तिघे पळाल्यावर उरलेल्यांना लावली, हे मला नंतर कळलं. तू कॅमेऱ्यात बघून म्हणालास, "आई, तू सांगितलंस तसा बसलोय." आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, किती गुणी मुलगा. मी उठून संडासात गेले आणि तोंडात टॉवेल कोंबला.

तुझी ही शेवटची अडीच वर्षं माझ्यामुळे गेली. साखळी मी घातली. हे मी फादरना सांगितलं, त्यांनी देव समजून घेईल म्हटलं. देवाचं मी विचारलंच नव्हतं.

तुला भेटून सांगायचं, असं ठरवलं होतं. पण विमानतळावर टीव्हीवाले असतील आणि पहिला प्रश्न ठरलेला आहे, आईला काय सांगाल? त्यांच्यातल्या एकीने मलाच फोन करून विचारलं, म्हातारीला पुढे उभं करता येईल का. तू विमानातून उतरून गर्दीत तिला शोधायला लागलास आणि सगळा देश ते बघत बसला, हे मला सहन होणार नाही. म्हणून आत्ता सांगतेय. खिडकीकडे तोंड कर आणि रड. तिथे कुणी बघणार नाही.

आईची तपकिरी लोकरीची रुआना मी जपून ठेवलीय, पण गुरुवारी पांघरणार नाही. लांबून तुला भलतंच वाटायचं. मी लाल स्वेटरमध्ये असेन, कठड्याच्या डाव्या टोकाला. नऊ वर्षांत केस पांढरे झालेत, चेहरा तिच्यासारखा होत चाललाय, त्याला माझा इलाज नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर सरळ पुढे जा. मी हाक मारणार नाही. कुठल्या आवाजात मारू, तेही मला आता कळत नाही.

उबाल्दो गाडी घेऊन येणार आहे. तो तुला त्याच्याकडे नेईल किंवा हवं तिथे सोडेल. कब्रस्तानात जायचं असेल तर त्याला जागा माहीत आहे, पट्टा मी तिथेच तिच्या पायाशी पुरलाय. आणि कधी इकडे यावंसं वाटलं तर लाल बसने बांदेरास स्थानकावर उतर, उजव्या हाताला विटांच्या इमारती दिसतील, तिसरी, चौथा मजला. दाराला तीन कुलपं आहेत, चांगली वस्ती असूनही सगळेच लावतात. आज सकाळी मी तिन्ही काढून ठेवली. इस्मेल्दा म्हणते, लुटली जाशील.

छाती झाकून ठेव. विमानात गारठा असतो. दाराला कडी लावलेली नाही.

हे आई म्हणत नाहीये. पहिल्यांदाच मी म्हणतेय.

नोओरा