‘फाइन’ नसलेली चार खोकी

महादेवमामांना सुदेशचा कुवेतहून वाकून नमस्कार. गणपतीत लिहिणार होतो, राहिलं. दिवाळीत लिहिणार होतो, तेही राहिलं. (पेन हरवलं होतं असं लिहिणार होतो, पण ते खिशातच होतं.) मामीचा गुडघा आणि तुमच्या पेटीचा भाता, दोघांची कुरकुर कमी असावी.

मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतलं पायपांचं काम सोडलं. (सुटलं म्हणा.) आता सलवा भागात असमा मॅडमकडे सुतारकाम करतो. मॅडम कुवेती, पण गाणं शिकल्या इटलीत. त्यांच्या गुरुजींनी जग सोडताना दोन-दोनशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित चिजा त्यांच्या हवाली केल्या, खोलीभर! मामा, काय ते कागद! पाच रेघांवर सुकत घातलेल्या सोड्यांसारखे सूर. एका पानावर मेणाचा थेंब आणि त्यात कुणाचा तरी अंगठा उमटलेला. मी माझा अंगठा त्यावर धरला, आणि घाबरून काढला. मॅडम वाजवत नाहीत, नुसतं वाचतात, आणि डोळे भरून येतात. कागदातून त्यांना ऐकू येतं, मामा!

त्यांनी गठ्ठे फळ्यांवर लावायला सांगितले. बऱ्याच चिजांखाली इंग्रजी अक्षरांत ‘फाइन’ लिहिलेलं. मीना अब्दुल्लात इन्स्पेक्टर पास झालेल्या पायपावर खडूने हेच लिहायचा, बाकीचा माल बाहेर. म्हणून मी पास चिजा फळीवर लावल्या आणि नापास चार खोकी फाटकाशी ठेवली. सकाळी बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कचरागाडी ती घेऊन गेली. मॅडमचे ड्रायव्हर गफूरभाई मागे धावले, तीन परत आणली.

“फाइन नहीं, सुदेश,” मॅडम म्हणाल्या. “फीने. इटली में मतलब समाप्त. सब लोग नहीं लिखते.”

“तेरा तो फीने हो गया, भाई,” गफूरभाई म्हणाले.

चौथ्या खोक्यात गुरुजींच्या हातचे कागद होते. मॅडम ओरडल्या नाहीत. दोन दिवस रिकाम्या खणासमोर बसून आहेत. मला घरी पाठवलं तर पाठवू देत, पण ते कागद पुन्हा कोण लिहिणार?

तुमचा भाचा,
सुदेश

ता. क. तुमची भजनाची वही, जिला मामीलाही हात लावू देत नाही, ती पाठवाल का? त्या खणात ठेवू. मी मॅडमना शब्द देऊन बसलोय.

ता. क. २. वही पाठवू नका! फाटकात बलदियाचा झाडूवाला काशिफ उभा आहे, डोक्यावर खोकं. लिहिलेल्या कागदाला पाय लागू नये म्हणून कचरागाडीतून उतरवून उशाशी ठेवलं होतं म्हणे. मॅडम उभ्या उभ्याच वरचं पान वाचतायत. गफूरभाईंनी आमच्या गाडीचं इंजिन बंद केलंय, मॅडमना नीट ऐकू यावं म्हणून.