चौकासमोर पुन्हा बसता यावे म्हणून

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (शस्त्रक्रिया मंजुरी),
आरोग्य योजना कक्ष, जि. पालघर

विषय: आईच्या डाव्या गुडघ्यावर दुर्बिणीद्वारे पुन्हा शस्त्रक्रिया मंजूर होण्याबाबत.
संदर्भ: दि. २८ एप्रिलचे नामंजुरीचे पत्र.

महोदया,

माझी आई लाडकी दिपक वरठा आमच्या पाड्यांची धवलेरी आहे. वारली लग्नात भिंतीवर रेखलेल्या पालघाट देवीच्या चौकासमोर जमिनीवर बसून ती गाणी म्हणते, लग्न लावते. भात झोडताना पाय मुरगळून तिच्या गुडघ्यातील कूर्चेची गादी फाटली. फेब्रुवारीत डहाणूला लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ती शिवण्यात आली.

१. फाटलेल्या जागी रक्तपुरवठा असल्याने ती जुळून येणार होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. डॉक्टरांना विचारून मी हे समजून घेतले व आईला समजावले. सहा आठवडे मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. ती पाळत होती.

२. पाचव्या आठवड्यात शेजारचे काळ्याकाका अत्यवस्थ झाले. गंगीकाकींशी त्यांचा संसार जुना, पण लग्न लावायचे राहिले होते. आमच्यात आईबापांचे लागल्याशिवाय मुलांचे लग्न लावत नाहीत, आणि त्यांच्या मुलीचे, दक्षाचे, ठरले होते. मी आईला अडवले. ती म्हणाली, "मग काळ्यालाच सांगून ये, आणखी थोडं थांब म्हणावं." जवळपास दुसरी धवलेरी नव्हती. मी खुर्ची नेली होती, पण देवीपेक्षा उंच बसायला आई तयार झाली नाही. लग्न लागले. उठताना तिचा गुडघा अडकला. टाके तुटले होते. काळ्याकाका त्याच आठवड्यात वारले.

३. आपल्या पत्रात 'रुग्णाचा निष्काळजीपणा' असे कारण दिले आहे. सूचना मोडली हे मला मान्य आहे. निष्काळजीपणा हा शब्द मात्र अचूक नाही. काय बिघडू शकते ते तिला माहीत होते.

४. गुडघा आता सरळ होत नाही. उशीर झाल्यास फाटलेली कड विरते, मग ती शिवता येत नाही, कापावी लागते, असे डॉक्टर म्हणतात. दक्षाचे लग्न पुढच्या हंगामात आहे. सुरुवातीला आई खाटेवर पडून गाणी म्हणायची. हल्ली म्हणत नाही.

तरी फेरविचार व्हावा. मंजुरी शक्य नसल्यास तसे स्पष्ट कळवावे. आई रोज मलाच विचारते, आणि मी शिकलेली म्हणून माझे खरे मानते. मी आजवर तिला 'होईल' असेच सांगत आले आहे. त्याला माझ्याकडे कोणताही आधार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,
रुचिका दिपक वरठा
उंबरपाडा, ता. तलासरी
दि. १२ मे २०२५

सोबत: शस्त्रक्रियेचा अहवाल, नवीन एमआरआय, नामंजुरीच्या पत्राची प्रत.